गाठ काढली, पण ती नेमकी होती कुठे?

चोपडा तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ४७ वर्षांच्या वहिनींच्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ सात महिन्यांपूर्वी स्तन न काढता काढण्यात आली, त्यानंतर केमोचे आठ डोस झाले, आणि आता किरणोपचाराच्या डॉक्टरांनी सीटी पाहून सांगितले आहे की आत क्लिपा, म्हणजे गाठीच्या जागेच्या खुणेसाठी सर्जन आत ठेवतात ते धातूचे बारीक चिमटे, लावलेल्या नाहीत, त्यामुळे गाठीची मूळ जागा ठरवणे अवघड जाते आहे. व्रण तर बाहेरून स्वच्छ दिसतो, मग त्याच जागेवर शेक का देत नाहीत, आणि क्लिपा लावण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावे लागणार का, असे त्यांना विचारायचे आहे.

मी सुमारे वीस वर्षे किरणोपचार करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या आहेत, आणि ही अडचण घेऊन येणाऱ्या आपल्या वहिनी पहिल्या नाहीत. दुसऱ्या ऑपरेशनची भीती आधी मनातून काढून टाका. केवळ क्लिपा लावण्यासाठी मी आजवर कोणालाही पुन्हा टेबलावर घ्यायला सांगितलेले नाही. व्रणाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे किरणोपचाराला सर्रास शेक म्हणतात, आणि त्या शब्दामुळे एक समज पक्का होतो की दुखऱ्या जागेला जसे गरम फडक्याने शेकतात तसाच हा कातडीवर द्यायचा उपचार आहे. प्रत्यक्षात किरणांना कातडीवरच्या व्रणाशी फारसे कर्तव्य नसते. गाठ निघून गेल्यावर तिच्या भोवतालच्या मांसात नजरेला न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, त्यांच्यापर्यंत किरण पोहोचवायचे असतात, आणि ती जागा कातडीखाली दोन, तीन, कधी पाच सेंटिमीटर खोल असते.

हा उपचार दोन भागांत होतो, हे समजले की निम्मी काळजी कमी होईल. पहिल्या भागात पूर्ण स्तनाला किरण दिले जातात. आता बहुतेक ठिकाणी ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एवढी मात्रा १५ भागांत, म्हणजे तीन आठवड्यांत देतात. त्यात गाठीची जागा कुठेही असली तरी ती येतेच, त्यामुळे क्लिपा नाहीत म्हणून हा भाग अडत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा याच भागाचा आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार न घेतलेल्या १०० स्त्रियांपैकी ३५ जणींचा आजार दहा वर्षांत कुठे ना कुठे परतला होता, आणि किरणोपचार घेतलेल्यांमध्ये तोच आकडा १९ होता.

दुसरा भाग म्हणजे बूस्ट. पूर्ण स्तनाचे उपचार झाल्यावर किंवा त्यांच्या सोबतच, गाठ जिथे होती तेवढ्याच जागेला जादा मात्रा देतात. स्तनात आजार परतलाच तर तो बहुधा मूळ जागेच्या आसपास परततो, हे त्यामागचे कारण आहे. आपल्या डॉक्टरांची अडचण फक्त या भागापुरती आहे.

बूस्ट प्रत्येकीला लागतो का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. युरोपात पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पूर्ण स्तनाला ५० ग्रे दिल्यावर निम्म्या जणींना १६ ग्रेचा बूस्ट दिला आणि वीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण १६.४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये ते ३६ वरून सुमारे २४ टक्क्यांवर आले आणि ४१ ते ५० या वयोगटात, म्हणजे वहिनींच्या वयात, सुमारे १९ वरून साडेतेरा टक्क्यांवर आले. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही, आणि बूस्ट घेतलेल्यांमध्ये स्तन बराच कडक होण्याचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर गेले. बूस्ट उपयोगी आहे, पण त्याची किंमतही आहे, आणि जागा जितकी मोठी घ्यावी लागेल तितकी ती किंमत वाढते. सत्तरीच्या बाईंची लहान, संथ वाढणारी, हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ भरपूर मोकळी कड, म्हणजे भोवती निरोगी मांसाची पट्टी, ठेवून निघाली असेल तर मी बूस्ट टाळण्याचा विचार करते. वहिनींचे वय ४७ आहे आणि केमो द्यावी लागली आहे, त्यामुळे पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, कागद न पाहताही माझा कल बूस्ट देण्याकडे राहील. तरी शेवटचा निर्णय तो कागद पाहिलेल्या डॉक्टरांचाच.

आता व्रणाकडे वळू. शेतातली जुनी विहीर बुजवलेली आपण पाहिली असेल. पहिल्या पावसाळ्यात तिथली माती खचते, पाणी साचते, आणि लांबूनही कळते की विहीर इथे होती. दोन-तीन वेळा नांगरट झाली की जमीन सारखी होते आणि जागा दाखवताना चार माणसे चार ठिकाणी बोट करतात. काठावर कोणी दगड पुरून ठेवले असतील तर मात्र वाद होत नाही. स्तनातही हुबेहूब असेच घडते. गाठ काढल्यावर झालेल्या पोकळीत पाणी साचते, त्याला आम्ही सिरोमा म्हणतो. ते पहिल्या महिना-दोन महिन्यांत सीटीवर ठळक दिसते, पुढे आक्रसत जाते, आणि केमोचे सहा महिने उलटेपर्यंत अनेकींमध्ये त्याचा मागमूसही उरत नाही. पुरलेले दगड म्हणजे क्लिपा. आणि व्रण ही विहिरीकडे जाणारी वाट आहे. ती विहिरीवरच संपत असेल असे धरून चालता येत नाही.

स्तन वाचवायचा म्हणजे तो चांगलाही दिसावा, म्हणून सर्जन छेद बऱ्याचदा स्तनाग्राभोवतीच्या काळसर कडेवर, स्तनाखालच्या घडीत किंवा काखेजवळ घेतात आणि आतून बोगद्यासारखी वाट करून गाठीपर्यंत पोहोचतात. छेद आणि गाठ यांच्यात चार-पाच सेंटिमीटरचे अंतर पडणे त्यामुळे नवलाचे नाही. खड्डा राहू नये म्हणून आजूबाजूचे मांस सरकवून पोकळी भरली असेल तर जागा आणखी हलते. शिवाय ऑपरेशनच्या वेळी हात आडवा पसरलेला असतो आणि किरणोपचारात तो डोक्यावर घ्यावा लागतो, तेवढ्यानेही स्तन, विशेषतः जड स्तन, जागेवरून सरकतो. आणि खोलीबद्दल तर व्रण काहीच सांगत नाही. बूस्ट इलेक्ट्रॉनने द्यायचा असेल तर खोलीनुसार त्याची शक्ती निवडावी लागते: ९ एमईव्हीचे (एमईव्ही हे या शक्तीचे माप) इलेक्ट्रॉन साधारण पावणेतीन सेंटिमीटरपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचवतात, त्याहून खोल जागेला ते अपुरे पडतात आणि शक्ती वाढवावी लागते. डाव्या बाजूला खालीच फुप्फुस आणि हृदय असल्यामुळे ती अंदाजाने वाढवून चालत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक रुग्ण मी कधी विसरणार नाही. यावल तालुक्यातल्या त्या बाईंचा व्रण स्तनाग्राच्या कडेला होता, क्लिपा नव्हत्या, आणि सोबत फक्त डिस्चार्ज कार्ड होते. मी व्रणाभोवती दोन सेंटिमीटरची जागा आखून बूस्ट दिला. तीन वर्षांनी त्याच स्तनात वरच्या बाहेरच्या भागात गाठ आली. तेव्हा घरून मागवलेल्या जुन्या पिशवीत पहिल्या सोनोग्राफीचा कागद निघाला, आणि त्यावर गाठ, स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर, १० वाजताच्या दिशेला, स्तनाग्रापासून ६ सेंटिमीटरवर असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. माझा बूस्ट तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता. बूस्ट बरोबर जागी गेला असता तर आजार परतलाच नसता, असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही. पण तो कागद मी आधी मागायला हवा होता. त्या दिवसापासून पहिली सोनोग्राफी पाहिल्याशिवाय मी बूस्टची जागा आखत नाही.

त्या अनुभवातूनच माझी कामाची पद्धत ठरली आहे, आणि क्लिपा नसलेल्या रुग्णाबाबत मी काय करते ते जरा तपशिलात सांगते, म्हणजे वहिनींसाठी काय जमवायचे ते आपल्याला कळेल. निदानाच्या वेळची सोनोग्राफी माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, कारण ती उताणे झोपवून, हात वर घेऊन केलेली असते, म्हणजे किरणोपचाराच्या स्थितीच्या सर्वांत जवळची असते. तिच्यात घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा, स्तनाग्रापासूनचे अंतर आणि बहुतेक वेळा कातडीपासूनची खोली दिलेली असते. मॅमोग्रामही हवा, पण तो स्तन दाबून आणि एक फोटो तिरका घेऊन काढलेला असतो. तिरक्या फोटोत बाहेरच्या बाजूची गाठ प्रत्यक्षापेक्षा वर असल्यासारखी दिसते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो. एमआरआय झाला असेल तर तो पालथे झोपवून काढलेला असतो, त्यामुळे त्यावरून अंतर मोजून जागा ठरवू नये, गाठ कोणत्या भागात होती एवढेच त्यातून घ्यावे.

त्यानंतर ऑपरेशनची सविस्तर नोंद लागते, आणि डिस्चार्ज कार्ड म्हणजे ती नोंद नव्हे. छेद कुठे घेतला, गाठीपर्यंत कसे पोहोचले, छातीच्या स्नायूवरचे आवरण काढले का, पोकळी तशीच सोडली की आजूबाजूचे मांस फिरवून भरली, हे त्या नोंदीत असते. ती रुग्णालयाच्या फाइलमध्ये असते आणि मागितल्याशिवाय सहसा हातात पडत नाही. आपण लेखी अर्ज देऊन तिची प्रत घ्या. पॅथॉलॉजीच्या अहवालात काढलेल्या तुकड्याची मापे असतात आणि कोणती कड गाठीच्या सर्वांत जवळ होती तेही असते. समजा वरची कड फक्त २ मिलिमीटरवर असेल आणि खालची दोन सेंटिमीटरवर, तर बूस्टची जागा वरच्या बाजूला अधिक घ्यायला हवी, हे त्यावरून कळते.

एक गोष्ट अनेकदा घरातच पडून असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आजार इतरत्र पसरला आहे का हे पाहण्यासाठी काही जणींचा छातीचा सीटी किंवा पेट स्कॅन ऑपरेशननंतर आणि केमोच्या आधी काढलेला असतो. तो स्तनाच्या पोकळीसाठी काढलेला नसला तरी सिरोमा त्यात बहुधा सापडतो. रावेरकडच्या एका बाईंबाबत सगळे मार्ग खुंटले होते. त्यांच्या मुलाने केळीच्या हिशेबाच्या वह्यांमधून अशा स्कॅनची सीडी शोधून आणली, ती आम्ही नव्या सीटीवर बरगड्यांच्या आधाराने जुळवली, आणि सहा महिन्यांपूर्वीची पोकळी समोर आली. वहिनींचा असा स्कॅन झाला असेल तर त्याचा नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. सीडी हरवली असेल तर ज्या केंद्रात स्कॅन झाला तिथे चौकशी करा, काही काळ तरी ती चित्रे त्यांच्या संगणकात राहतात.

सर्जनना प्रत्यक्ष विचारणे तर आवश्यकच आहे. आपल्या खान्देशात ऑपरेशन एका गावी, केमो दुसऱ्या आणि किरणोपचार तिसऱ्या शहरात होणे नेहमीचे आहे. कोणी नाशिकला जाते, कोणी मुंबईला, नंदुरबारकडचे लोक सुरतला जातात. गाठ डोळ्यांनी पाहिलेले डॉक्टर आणि तिची जागा शोधणारे डॉक्टर यांची कधी भेटच होत नाही, आणि माझ्या मते क्लिपांच्या अभावापेक्षाही हे न बोलणे जास्त नुकसान करते. आपल्या डॉक्टरांना सर्जनचा फोन नंबर द्या आणि बोलण्याची विनंती करा. मी स्वतः सीटीच्या दिवशी स्तनाचा फोटो व्रणासह सर्जनना पाठवते आणि त्यांना त्यावर खूण करायला सांगते, अर्थात रुग्णाची परवानगी घेऊन.

आणि वहिनींनाही विचारा. ज्या बाईला अंघोळ करताना स्वतःच्या हाताला गाठ लागलेली असते, तिच्या बोटाला ती जागा आठवते. मी सीटीच्या टेबलावर हात डोक्यावर घ्यायला लावून मगच विचारते, कारण उभ्याने दाखवलेली जागा आणि झोपून दाखवलेली जागा यांत अंतर पडते. सुरुवातीला बायका संकोचतात, नवऱ्यासमोर किंवा दिरासमोर तर बोलतच नाहीत. म्हणून त्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे. तिने दाखवलेली जागा एकटी पुरावा म्हणून पुरत नाही, पण सोनोग्राफीच्या कागदाशी ती जुळली की माझा विश्वास बराच वाढतो.

सीटी काढताना व्रणावर बारीक तार चिकटवतात, म्हणजे तो चित्रात दिसतो, आणि सीटीच्या चित्रांचे काप तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. क्लिपा आणि पाणी दोन्ही नसले तरी मांसातली ओढ, दाटपणा, दुसऱ्या स्तनाशी न जुळणारी ठेवण यांतून ऑपरेशनची वाट बऱ्याचदा उमटलेली सापडते. गरज वाटली तर त्याच स्थितीत सोनोग्राफी करून ती वाट कातडीपासून आतपर्यंत धुंडाळता येते. हे सगळे पुरावे एकमेकांवर ठेवून पाहायचे असतात. तीन पुरावे एकाच जागी बोट दाखवत असतील तर त्या जागेभोवती एक-दीड सेंटिमीटर वाढवून, कातडीलगतचे पाच मिलिमीटर आणि खालचे स्नायू-बरगड्या वगळून मी बूस्टची जागा आखते. पुरावे जवळपास जुळत असतील पण तंतोतंत नाही, तर जागा थोडी मोठी घेते आणि स्तन पुढे अधिक कडक होऊ शकतो हे रुग्णाला आधीच सांगते. काहीच जुळत नसेल आणि आजार परतण्याचा धोका फार नसेल, तर चुकीच्या जागी बूस्ट देण्यापेक्षा पूर्ण स्तनाच्या किरणोपचारावर थांबणे मला अधिक प्रामाणिक वाटते. धोका जास्त असेल, म्हणजे वय कमी, गाठ उग्र किंवा कड अगदी जवळ, तर गाठ स्तनाच्या ज्या चतुर्थांश भागात होती तो संपूर्ण भाग बूस्टमध्ये घेण्याचा निर्णय मी घेतलेला आहे, पण तो मनाला सहज पटणारा निर्णय नव्हता. फक्त गाठीच्या जागेलाच किरण देण्याची जी पद्धत आहे, म्हणजे पूर्ण स्तन वगळून, ती मात्र अशा स्थितीत कोणी सुचवली तर स्वीकारू नका; तिथे जागा चुकली तर सगळाच उपचार चुकतो.

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी क्लिपांबद्दल थोडे सांगते. टायटॅनियमच्या पाच-सहा बारीक क्लिपा पोकळीच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना आणि तळाशी लावायला काही मिनिटेच लागतात आणि पूर्ण उपचाराच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य आहे. त्या आयुष्यभर आत राहतात, हाताला लागत नाहीत, आणि पुढे एमआरआय करायलाही त्यांची अडचण होत नाही. प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या क्लिपा मात्र सीटीवर नीट दिसत नाहीत, त्यांचा या कामी उपयोग नाही. मांस फिरवून पोकळी भरायची असेल तर क्लिपा त्याआधी लावायला हव्यात. कड मोकळी नाही म्हणून दुसऱ्यांदा ऑपरेशन करून आणखी मांस काढावे लागले तर जुन्या क्लिपा त्या तुकड्याबरोबर निघून जातात, त्या पुन्हा लावाव्या लागतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी लावलेल्या क्लिपा सीटीवर तशाच चमकतात, म्हणून खुणेसाठी किती आणि कुठे लावल्या हे कागदावर लिहिलेले असावे. ऑपरेशनच्या आधी सर्जनना हे विचारायला संकोच करू नका. बहुतेकांना तो प्रश्न रास्तच वाटतो. केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असे ठरले असेल तर पहिल्या डोसच्या आधीच गाठीच्या आत खूण बसवून घ्यावी, कारण केमोने गाठ पूर्ण विरघळली तर सर्जननाही ती सापडणार नाही. आणि ऑपरेशननंतर लगेच केमो असेल तर पोकळी दिसते आहे तोवर हात वर घेऊन एक सीटी काढून ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

राहिला प्रश्न वेळेचा. केमोच्या शेवटच्या डोसनंतर साधारण तीन-चार आठवड्यांत किरणोपचार सुरू व्हावेत, आणि कागद शोधण्याच्या नादात ते महिना महिना लांबवू नयेत. जमवाजमवीला एक आठवडा पुरतो. तेवढ्यातही सगळे हाती लागले नाही तर पूर्ण स्तनाचा भाग सुरू करायला डॉक्टरांना सांगा. बूस्ट बहुधा शेवटी असल्यामुळे उरलेले कागद त्या तीन आठवड्यांत आणून देता येतात. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून घेत असाल तर बूस्टचे दिवस मंजुरीत धरले आहेत का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पॅथॉलॉजीचा अहवाल आणि पहिली सोनोग्राफी हाती आल्यावर, नाव झाकून, त्यातला मजकूर इथे लिहिलात तर बूस्टबद्दल माझे मत मी अधिक नेमके सांगू शकेन.